रडावं तर रुपीबाईनं

लोणझरी तांड्यात कोणाचं रडणं चांगलं आणि कोणाचं भिकार, हे ठरवायचा मान रुपीबाईचा होता. तो तिला कोणी दिलेला नव्हता. तिनं आपल्या हातानं उचलून घेतला होता आणि तिच्या जिभेच्या धाकानं कोणी तो परत मागितला नव्हता.

गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायकांची रीतच आहे ती. पुष्कळ दिवसांनी दोघी भेटल्या की रामराम नाही, पाणी नाही, आधी गळ्यात गळा. मग सुरात रडायचं. रडणं कसलं, अर्धं गाणंच ते. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, माहेरच्या निंबाचं नाव घ्यायचं, बाजारात विकलेल्या गाईलाही सोडायचं नाही. एकीनं ओळ सोडली की दुसरीनं उचलायची. पोट रिकामं झालं की दोघी पदरानं नाक पुसतात आणि काही झालंच नाही अशा तोंडानं एक दुसरीला विचारते, "कापूस कसा हाय वो यंदा?" बाहेरचा माणूस पाहील तर त्याला वाटेल, घरात मयत पडलं. मयत नसतं. चुलीवर चहा ठेवलेला असतो.

या कामात रुपीबाईच्या तोडीची बाई दिग्रसपासून पुसदपर्यंत नव्हती. साठी उलटली तरी गळा असा, की ओळ उचलली म्हणजे बांधावरची गुरं मान वर करायची. लग्न ठरलेल्या पोरींना ढावलो, म्हणजे सासरी जातानाचं रडगाणं, शिकवायला तिलाच नेत. पोरगी लाजून हुं हुं करू लागली की ही तिच्या पाठीत धपाटा घालायची. "सासरी जाऊन राह्यली का बजारात? नीट रड. बाप इथं उभा हाय तुहा, त्याले आयकू तं येऊ दे!"

आणि बाकीच्यांच्या रडण्याला ती काय काय म्हणायची! एक म्हणे नाकातून रडते, शेंबडी. दुसरीचं म्हणे नळाला पाणी यायच्या आधी हवा सुटते तसं, आवाज मोठा आणि थेंब नाही. तिसरी रडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते, कोण पाहून राह्यलं ते. पण सगळ्यांत भिकार रडणं कोणाचं, असं विचारलं की रुपीबाई एक क्षणही न घालवता सांगायची, "माह्या भोजाईचं."

भोजाई म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, रामसिंगची बायको, सोनकी. राहायची नेर गावाकडच्या तांड्यात, रुपीबाईच्या माहेरी. सोनकीचा आवाज म्हणजे तेल न घातलेला रहाट. सूर वर न्यायला गेली की मधेच कर्रर्र. दोघी नणंदा-भावजया भेटल्या, गळ्यात पडल्या, की दुसऱ्या ओळीलाच रुपीबाई रडणं थांबवून म्हणायची, "भोजाई, उगी राह्य बाप्पा. मेलेले उठून बसतीन." सोनकीही काही मुकी नव्हती. ती पदर तोंडाला लावून म्हणायची, "बाई, तुह्यं रडणं गोड हाय, मले कबूल. पण तुह्या हातची दाळ खाल्ली का माणसाले खरं रडू येते." मग दोघी हसायच्या, आणि बाजेवर बसलेला रामसिंग ओरडायचा, "तुमचं झालं असंन तं मले कोणी जेवाले देता काय?"

इतकं सगळं सुरळीत चाललं होतं.

गेल्या श्रावणात तीज आली. तीजेला भावानं बहिणीला माहेरी न्यायचं असतं. मागच्या दोन तीजांना रामसिंगनं दांडी मारली होती, म्हणून यंदा रुपीबाईनं फोनवरच त्याला सोलला. "बहीण मेली असंन तं माती द्याले ये, जित्ती असंन तं न्याले ये. कसाही ये, पण ये." तो आला. दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, बहिणीच्या दाळीला नावं ठेवली आणि छपरीत बाज टाकून झोपला. सकाळच्या बसनं दोघं निघणार होते.

त्या पहाटे वरच्या अंगाचा पाझर तलाव फुटला. पाऊस तीन दिवस झोडपत होता, बांध गळतो आहे हे तांड्यातली शेंबडी पोरंसुद्धा जाणत होती. ज्यांनी जाणायचं त्यांनी जाणलं नाही. नाल्याकाठची घरं गेली, शेळ्या गेल्या, उकंडाची चहाची टपरी बाकड्यासकट गेली. रुपीबाईच्या घराची आतली भिंत तिच्याच पायावर पडली, म्हणून ती अडकून वाचली. छपरीत झोपलेला रामसिंग मोकळा होता, म्हणून गेला.

तो सापडला खालच्या अंगाला, बाभळीच्या काट्यांत. भावकीनं त्याला परस्पर नेरकडं नेलं, कारण लोणझरीचा रस्ता उरला नव्हता. रुपीबाई तेव्हा दिग्रसच्या दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये. भावाचं तोंड तिला दिसलं नाही. भोजाईच्या गळ्यात पडता आलं नाही.

आणि इथंच सगळं अडकलं. त्यांच्या भावकीत एक गोष्ट कडक पाळतात. माणूस गेला की त्याच्या बायकोनं पहिली गळाभेट त्याच्या बहिणीला द्यायची. बहिणीच्या आधी दुसरीच्या गळ्यात पडायचं नाही, सूर काढायचा नाही. बहिणीनंही त्याच्या नावाचा सूर आधी तिच्याच गळ्यात काढायचा. रामसिंगला बहीण एकच. दहा तांड्यांतून बायका सोनकीला भेटायला आल्या, उंबऱ्यात बसल्या, कोरड्याच परत गेल्या. सोनकी बसलेली ती बसलेली. भाकरी थापते, ढोरं सोडते, बोलते कामापुरतं. डोळ्यांत टिपूस नाही. ती वाट पाहत होती, नणंदेची.

नणंदेचं प्लास्टर गणपतीच्या सुमारास निघालं. ती गेली नाही. आधी म्हणाली, पाय ठणकते. मग म्हणाली, बस लय हादरे देते. मग म्हणाली, घरकुलाचा साहेब येणार हाय. उकंडानं पुलाजवळ नवी टपरी टाकली होती. तिथं चहा ओततानाच तो एक दिवस म्हणाला, "काकी, विसर्जनाले तं पार मारोतीपर्यंत चालत गेलतीस. माहेराच्या बाजूनंच पाय दुखते काय?"

"तू चाय इक," रुपीबाई म्हणाली. "थो बी कडू असते."

खरं कारण तिला ठाऊक होतं आणि सोनकीलाही ठाऊक असणार, हेही ठाऊक होतं. 'कसाही ये' हे फोनवर कोण म्हणालं होतं? सोनकी तेव्हा चुलीपाशीच बसलेली असणार. आता रुपीबाईनं जाऊन हात पसरले आणि भोजाईनं ते घेतलेच नाहीत तर? आईबाप कधीचे गेले. भाऊ हा असा गेला. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते सोनकीचे दोन हात. तेच मिटले, तर नेरकडची बस रुपीबाईसाठी बंद झाली. तोंडानं अख्ख्या मुलखाला झोडपणारी ही बाई त्या दोन हातांना भ्यायली होती, आणि भीती झाकायला तिच्याजवळ एकच गोधडी होती, दुसऱ्यांची टर उडवणं.

टर उडवायला माल मात्र भरपूर आला होता.

पूर ओसरला की आधी गाळ येतो, मग माणसं येतात. धान्यवाले आले, ताडपत्रीवाले आले, जुने कपडेवाले आले. कपड्यांत कोणीतरी कोटही पाठवला होता, तो उकंडाच्या बकऱ्यानं काही दिवस वापरला. आणि मग शहरातल्या एका संस्थेची गाडी आली. ती मन दुरुस्त करायला आली होती. गाडीतून घनश्याम सर उतरले आणि त्यांच्या मागून प्रेरणा मॅडम. सरांच्या दाढीची निगा पाहूनच कळत होतं की त्यांना कोणती गोष्ट स्वतःच्या हातानं उचलायची सवय नाही. मॅडम चोवीस-पंचवीसच्या, पायात पांढरे बूट. लोणझरीचा गाळ बुटांची जात पाहत नाही. पहिल्याच दिवशी ते काळे झाले.

ते आले तेव्हा आर्णीकडून रुपीबाईची चुलतबहीण भेटायला आलेली होती. दोघी अंगणात गळ्यात गळा घालून, जुन्या गेलेल्यांच्या नावानं, दुसऱ्या की तिसऱ्या ओळीवर होत्या. रंगात आलं होतं सगळं. प्रेरणा मॅडमनं ते पाहिलं आणि धावत जाऊन दोघींना वेगळं केलं.

"मावशी, शांत व्हा! शांत व्हा. माझ्याकडे बघा. नाकातून श्वास घ्या... आता हळूच सोडा."

चुलतबहीण घाबरली. तिला वाटलं, दवाखान्यातली बाई आहे, आता सुई टोचते. तिनं खरंच श्वास घेतला आणि धरून ठेवला. रुपीबाईनं मात्र मॅडमला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहून वो बाई, दोन माणसं बोलत असंन तं तुह्या घरी अशीच मधात घुसतं काय?"

"मावशी, तुम्हाला त्रास होतोय..."

"आता होऊन राह्यला. तू आल्यावर."

मागून सर हलक्या आवाजात म्हणाले, "प्रेरणा, त्या नकाराच्या अवस्थेत आहेत."

उकंडा जवळच उभा होता. तो म्हणाला, "सर, थ्या नकारात नाही, रागात हायेत. जरासे मांगं सरका."

पुढं त्यांचं येणं सुरू झालं ते थांबेना. समाजमंदिरात सतरंजी अंथरायची, गोल बसवायचं, आणि प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचे चेहरे द्यायचे. एक हसरा, एक रडका, एक रागीट, एक असा की त्याला तोंडच सरळ रेघेचं. "आज तुमच्या मनाचा चेहरा कोणता?" ज्यानं रडका उचलला त्याच्या घरी मॅडम पुन्हा येत, सोबत बिस्किटाचा पुडा. ज्यानं हसरा उचलला त्याच्यासाठी टाळ्या, आणि पुडा नाही. दोन बैठकांत तांडा शहाणा झाला. तिसऱ्या बैठकीत अख्ख्या समाजमंदिरात रडके चेहरे वर झाले. सरांनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, परिस्थिती आपण समजलो त्याहून गंभीर आहे. उकंडा एकटाच हट्टानं हसरा धरून बसला. "मले बिस्किट चालत नाही," म्हणाला, "दात गेले."

आता इथं रुपीबाईचीही थोडी काढली पाहिजे, कारण तिनं कोणाची ठेवली नाही.

टर उडवता उडवता ती त्या सतरंजीवर पुढं पुढं सरकत गेली. कोणी पाहुणे आले की मॅडम म्हणायच्या, "मावशी, तुमचा अनुभव सांगा ना." आणि मावशी सांगायची. रडतच सांगायची. पाहुणे कोण, तर कधी कोण्या कंपनीचे साहेब, कधी वर्तमानपत्रवाले, कधी नुसतेच गाडी भरून आलेले. रुपीबाई त्यांच्यासाठी गेलेल्या शेळ्यांना रडायची, पडलेल्या भिंतीला रडायची, वाहून गेलेल्या जात्याला रडायची. साहेब लोकांचे डोळे ओले झाले की तिला आतून बरं वाटायचं, जसं ढावल्याला नवरीचा बाप रडला की वाटायचं तसं. तिला बसायला खुर्ची मिळू लागली. चहा कपात मिळू लागला, आणि बशीसुद्धा. संस्थेनं तिच्या गळ्यात एक हिरवा पट्टा घातला, त्यावर लिहिलेलं 'मनमित्र'. ज्या लोकांना ती घरी 'श्वासवाले' म्हणून हिणवायची, त्यांचाच पट्टा घालून ती टपरीवर चहाला यायची.

"काकी," उकंडा म्हणायचा, "बैलाले झूल घातली का थो बी असाच चालते."

"तुले नाही घातली म्हणून जळून राह्यला."

एक गोष्ट मात्र प्रेरणा मॅडमच्या लक्षात आली, आणि ती सरांच्या दाढीला कधी आली नसती. एका दुपारी सतरंजी गुंडाळताना ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळ्यांसाठी रडता. शेळ्यांसाठी, जात्यासाठी. भावाचं नाव मात्र मी तुमच्या तोंडून एकदाही नाही ऐकलं."

रुपीबाईनं सतरंजीचं आपल्या हातातलं टोक ताणलं. "थे नाव इथलं नाही," ती म्हणाली. "थे दुसऱ्या घरचं हाय. तू गुंडाय गुपचूप."

पोरगी सतरंजी गुंडाळू लागली. तेवढं शहाणपण तिला गाळानं शिकवलं होतं.

दिवाळीच्या आधी संस्थेनं दिग्रसला मोठा कार्यक्रम ठेवला. हॉल भाड्यानं घेतला, फुलं लावली, मागं फलक लावला: 'अश्रूंकडून आशेकडे'. पुरात ज्यांची घरं गेली त्यांना मागच्या खुर्च्या आणि ज्यांनी पूर टीव्हीवर पाहिला त्यांना पुढचे सोफे. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला म्हणून तांड्यातल्या बायकांकडून दोनदा टाळ्यांचा सराव करून घेतला. मग पाहुणे आले, दिवा लागला, आणि घनश्याम सर समाजाच्या आतल्या ताकदीवर बोलले. ते इतका वेळ बोलले की समाजाची ती ताकद संपत आली. शेवटी त्यांनी जाहीर केलं, आता आपल्या मनमित्र रुपीबाई आपल्याला त्यांचं पारंपरिक शोकगीत ऐकवतील.

रुपीबाई मंचावर चढली. माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एकटीनं नाही जमत."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"दोघी लागते. गळा लागते. हवेच्या गळ्यात पडू काय?"

हॉल हसला. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मॅडमला हळूच पुढं ढकललं. "प्रेरणा, तू उभी राहा ना. छान फोटो येईल."

रुपीबाईचा बेत ठरलेला होता. शेळ्या, भिंत, जातं, एवढं म्हणायचं, उतरायचं. तिनं मॅडमच्या गळ्यात हात टाकले, डोळे मिटले आणि पहिली ओळ लावली. हॉल एका दमात गप्प झाला. गळा होताच तसा. ओळ संपली. आता दुसरीनं उचलायची.

पोरीला काय ठाऊक? पण तिला कळलं की आपल्याकडून काहीतरी हवं आहे. तिनं धीर केला, गळा साफ केला आणि कसातरी एक सूर काढला. तो मधेच फाटला. कर्रर्र.

तेल न घातलेला रहाट.

रुपीबाईचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटलेल्या बाईला गळा कोणाचा हे कानानंच कळतं, आणि कानानं दगा दिला. तिच्या तोंडून भावाचं नाव निघालं, "वीरा रे... माह्या रामसिंग वीरा..." आणि एकदा निघालं ते थांबेना. छपरीतली बाज आली, बाभळीचे काटे आले, 'कसाही ये' आलं. फोनवर ती जशी ओरडली होती तशीच्या तशी ओळ सुरात आली. पुढच्या सोफ्यांवर रुमाल निघाले. फोन वर झाले.

मग टाळ्या पडल्या.

रडण्यावर टाळ्या. रुपीबाईनं डोळे उघडले. समोर सोनकी नव्हती. मॅडमच्या पावडरवर तिच्या डोळ्यांचं पाणी ओघळलं होतं, आणि पाहुणे फुलांचा गुच्छ घेऊन चालत येत होते. रामसिंगच्या नावाची पहिली गळाभेट झाली होती. परक्याच्या गळ्यात, माईकवर. मागच्या खुर्च्यांवरच्या तांड्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सराव दोनदा झाला होता तरी. त्या खाली पाहत होत्या.

परत येताना गाडीत कोणी तिच्याशी बोललं नाही. सगळ्यांची थट्टा करणाऱ्या बाईची आता कोणी थट्टाही करेना, हे फार वाईट. उकंडानंसुद्धा चहा मुकाट्यानं दिला, आणि त्या दिवशी तो कडू नव्हता.

फोनातलं रडणं एसटीच्या आधी पोचतं. दोन दिवसांत ते नेरकडच्या तांड्यात पोचलं. सोनकीच्या शेजारच्या पोरीनं तिला दाखवलं. सोनकीनं सगळं पाहिलं, म्हणे, एकदाच. मग उकंडाची मेहुणी तिकडं दिलेली होती, तिच्या हाती निरोप धाडला. उकंडानं तो आणून जसाच्या तसा टाकला, त्यात स्वतःची साखर घातली नाही.

"म्हनली, मॅडमचा गळा बरा दिसला. तथीच पडून राह्य म्हणा."

रुपीबाईनं गळ्यातला हिरवा पट्टा काढला, टपरीच्या खिळ्याला अडकवला. "तुह्या बकऱ्याले घाल," म्हणाली, "कोटावर शोभंन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्रसवरून दारव्हा, दारव्ह्यावरून नेर, असे सगळे हादरे खात ती माहेरच्या फाट्यावर उतरली. पाय ठणकत होता. खरंच ठणकत होता आता, पण सांगायला कोणी नव्हतं.

घराला कडी. सोनकी वावरात होती, कापूस वेचायला. सोबत तांड्यातल्या चार-सहा बायका ओळीनं लागलेल्या. बांधावर रुपीबाई दिसताच बायकांचे हात थांबले. सोनकीचे थांबले नाहीत. पोटाला बांधलेल्या ओटीत ती बोंडांतला कापूस टाकत राहिली.

"आल्या काय?" वर न पाहता ती म्हणाली. तीस वर्षं तिनं नणंदेला तू म्हटलं होतं. "एकल्याच आल्या? मॅडम नाही आणली? फोटोवाला नाही आणला?"

"नाही आणला."

"मंग कसं जमंन? टाळ्या कोण वाजवंन? ह्या बायाईचे हात तं कापसात हायेत."

रुपीबाई सऱ्यांतून चालत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काठी टाकली. हात पसरले. आणि सूर लावायला तोंड उघडलं.

सूर आला नाही.

जिच्या गळ्यानं गुरं मान वर करायची, तिच्या गळ्यातून वाळल्या भुईसारखी धूळ निघाली. पुन्हा उघडलं तोंड. पुन्हा काही नाही. शेळ्यांना, भिंतींना, साहेबांना वाटून वाटून सगळं संपलं होतं, की होतं ते परवा मंचावर सांडलं होतं, देव जाणे. हात तेवढे पसरलेले. बायका पाहत होत्या.

"रडा ना," सोनकी म्हणाली. "तथी तं लय सुरात होतं."

रुपीबाईनं हात खाली घेतले. मग सोनकीच्या शेजारच्या ओळीत शिरली आणि कापूस वेचायला लागली. ओटी नव्हती, म्हणून पदरातच टाकायला लागली. दोघी आपापल्या ओळीनं पुढं सरकत होत्या. पाय दुखत असल्यानं रुपीबाई मागं पडायची. सोनकी थांबायची नाही, पण तिचा हात जरा हळू चालायचा.

"मीनंच बलावलं त्याले," रुपीबाई बोंडाकडं पाहत म्हणाली.

"मले माहीत हाय. आयकलं मी. चुलीपाशीच होतो."

"मंग?"

"मंग काय? थो काय तुमच्या बलावण्यानं गेल्ता? दोन वरसं गेला नाही म्हणून मीच त्याच्या मांगं लागली होतो. मीनंच धपाटे बांधून देल्ले." सोनकीनं एक बोंड इतक्या जोरात ओढलं की फांदीच मोडून आली. "अडीच महिने वाट पाह्यली मीनं. अडीच महिने! दारात बाया येऊन बसे आन् मी दगडावानी. म्हणलं, बाई येईन, मंग रडीन. आन् बाई कुठी? तं स्टेजवर!"

ओळ संपली. बांध आला. सोनकी वळली आणि काही कळायच्या आत तिनं नणंदेचा गळा धरला. गळाभेट म्हणायची की गळा आवळणं, बायकांना आधी कळलंच नाही. कापूस दोघींच्या मधून खाली सांडला. सोनकीनं तोंड उघडलं आणि अडीच महिन्यांचा सूर काढला. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि मधेच फाटला. कर्रर्र.

रुपीबाईच्या तोंडून सवयीनं निघालं, "अवं भोजाई, उगी राह्य बाप्पा..."

पुढचं वाक्य तिला आठवलं आणि तिनं ते गिळलं. पण सोनकीनं ऐकलं होतं. रडता रडता, हुंदक्यांच्या मधून तीच ओरडली, "म्हण ना! म्हण! मेलेले उठून बसतीन! उठू दे! थेच पायजे मले!"

मग मात्र रुपीबाईचा गळा फुटला. सूर नव्हता त्यात. नाकातूनही आलं, नळाच्या हवेसारखंही आलं. जी जी रडणी तिनं आयुष्यभर हिणवली ती सगळी एकदम तिच्या तोंडून निघाली. सोनकी ओळ टाकायची, रुपीबाईला उचलता येईना, तरी ती कुठूनतरी धरायची. मधेच रुपीबाईच्या पोलक्यात फोन वाजला. तिनं एका हातानं तो काढला, कानाला लावला. पलीकडून मॅडम विचारत होत्या, मावशी कुठे आहात, सर काळजीत आहेत, पुढच्या महिन्यात यवतमाळला...

"मी रडून राह्यली, मंग बोलतो," रुपीबाईनं सांगितलं आणि फोन कापसाच्या ढिगावर टाकला.

वेचणीच्या बायका एकेक करून बांधाशी आल्या. त्यांनाही इतके दिवस मोकळं होता आलं नव्हतं. बहिणीची झाली, आता त्यांची पाळी. एकीनं ओटी सोडली, सोनकीच्या गळ्यात पडली. मग दुसरी. वावरात असा गोंधळ माजला की शेजारच्या बांधावरचा माणूस धावत आला आणि बायकांचं चाललेलं पाहून, मयत नाही हे कळून, परत गेला.

सगळ्यांची नाकं पुसून झाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. रुपीबाई बांधावर पाय चोळत बसली होती. सोनकीनं सांडलेला कापूस गोळा केला, त्यातला काडीकचरा निवडला, आणि नणंदेकडं न पाहता म्हणाली, "दिवाळीले राह्यतं का जातं?"

"मले कोणी बलावलं?"

"तू काय पावनी हायेस, बलावाले?"

रुपीबाईनं पदरातला कापूस तिच्या ओटीत रिकामा केला. "राह्यतो," ती म्हणाली. "पण तुह्यं रडणं काही सुधारलं नाही, भोजाई. माणूस गेला तरी नाही सुधारलं."

"आन् तू दाळ नको करजो," सोनकी म्हणाली. "घरात अजून जित्ती माणसं हायेत."